संथ जपानी रॉक गाणं सोपंच असतं का?

'कराओकेला जपानी रॉक म्हणायचं असेल तर संथ गाणं निवडा, ते सोपं असतं,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. परक्या भाषेतले शब्द घाईत म्हणायची धास्ती असते, म्हणून तो पटतोही.

पण गळा दमतो तो सुरांच्या पल्ल्यामुळे आणि श्वासामुळे. संथ रॉक गाण्यात कडवं बरेचदा खालच्या सुरात सुरू होतं, ध्रुवपद उंच चढतं आणि नेमका तिथेच स्वर लांबवावा लागतो. शेवटचं ध्रुवपद कधीकधी आणखी अर्ध्या-एका सुरानं वर सरकतं. उलट पंक धाटणीच्या कितीतरी वेगवान गाण्यांची चाल चार-पाच सुरांतच फिरते. जपानीत प्रत्येक काना अक्षराला (काना म्हणजे जपानी उच्चारचिन्हं) साधारण सारखाच वेळ मिळतो, त्यामुळे शब्द तालात बसवणं सरावानं जमतं.

हे घरी पडताळता येतं. पेटीवर गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. दोघांमधलं अंतर काळ्या-पांढऱ्या मिळून 12 पट्ट्यांच्या, म्हणजे एका सप्तकाच्या आसपास असेल तर ते गाणं बहुतेकांना झेपतं. 18-20 झालं तर लय कितीही संथ असो, नवख्यानं जपून.

कराओकेच्या यंत्रावर गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, बदलायचं बटण असतं, ते जरूर वापरा. मात्र त्यानं सगळं गाणं एकत्र खाली-वर होतं, हे अंतर कमी होत नाही.