कर्कटकाच्या दोन टोकांमधला समुद्र

शाळेच्या कंपासपेटीत एक उपकरण असं असायचं की त्याचं खरं काम कुणी सांगितलंच नाही. दोन टोकदार पायांचं कर्कटक. कोनमापकानं कोन मोजले, कंपासनं वर्तुळं काढली, गुण्याही भूमितीच्या तासाला कधीतरी बाहेर आले. कर्कटकानं मात्र बाकांवर नावंच कोरली गेली. ते कशासाठी असतं हे मला चाळिशीनंतर कळलं, आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त कप्तानांच्या जेवणाच्या टेबलावर.

टेबलभर मुंबई बंदराचा जुना, वापरातून बाद झालेला सागरी नकाशा पसरला होता. दर्यावर्दी त्याला चार्टच म्हणतात. "गेटवेपासून मांडवा किती लांब, मोजून दाखव," काका म्हणाले. मी पट्टी शोधू लागलो, तर त्यांनी कर्कटक हातात दिलं. एक टोक गेटवेवर, दुसरं समोरच्या अलिबाग किनाऱ्यावरच्या मांडव्याच्या जेट्टीवर टेकवलं. तेवढंच अंतर पायांत धरून मी कर्कटक उचललं आणि नकाशाच्या खालच्या कडेवरच्या आकड्यांवर नेऊन ठेवलं.

"तिथे नाही. बाजूच्या कडेवर," काका म्हणाले. "खालच्या कडेवर अंतर मोजायचं नाही. कधीच."

सागरी नकाशाचं सगळं शास्त्र त्या 'कधीच'मध्ये आहे.

नकाशाच्या डाव्या-उजव्या कडांवर अक्षांशांच्या खुणा असतात आणि वरखालच्या कडांवर रेखांशांच्या. एका अंशाची साठ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि हा काही योगायोग नाही. हा मैल मुळात पृथ्वीच्या घेरावरूनच काढलेला आहे. रस्त्यावरचा मैल माणसांनी ठरवला. समुद्रात मैलाचे दगड रोवता येत नाहीत, म्हणून तिथे पृथ्वीलाच पट्टी केलं. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे हे मिनिट सगळीकडे तंतोतंत सारखं भरत नाही. विषुववृत्तावर ते सुमारे १,८४३ मीटर, ध्रुवांपाशी सुमारे १,८६२ मीटर आणि आपल्या मुंबईत सुमारे १,८४५ मीटर भरतं. १९२९ मध्ये मोनॅकोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सागरी मैल १,८५२ मीटरचा ठरला. मुंबईच्या पाण्यात उरलेला फरक मैलामागे सात मीटरचा, म्हणजे कर्कटकाच्या टोकाच्या जाडीत हरवण्याइतका.

रेखांशाचं तसं नाही. कलिंगडावरच्या हिरव्या पट्ट्या बघा. मधल्या फुगीर भागात त्या एकमेकींपासून लांब असतात आणि देठाकडे जाताना जवळ येत येत मिळतात. रेखांशही तसेच ध्रुवापाशी एकत्र येतात. म्हणून रेखांशाचं एक मिनिट विषुववृत्तावर जवळपास एक मैल असलं, तरी मुंबईत ते सुमारे १,७५५ मीटरच उरतं. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत सुमारे ७.६ सागरी मैल आहे. तेच कर्कटक खालच्या कडेवर टेकवलं, तर आकडा येतो आठच्या किंचित पुढे. जवळजवळ अर्ध्या मैलाची चूक, म्हणजे पाऊण किलोमीटरहून जास्त. दिवसाउजेडी ती डोळ्यांनी सावरता येते. रात्री, खडकाच्या शेजारी, ती सावरायला वेळ मिळत नाही.

पण मग उभ्या रेषा नकाशावर समांतर का? पृथ्वीवर त्या जवळ येत असतील, तर कागदावरही यायला हव्यात. इथे १५६९ सालच्या एका माणसाची कल्पना येते. फ्लँडर्समध्ये जन्मलेल्या गेरार्डस मर्केटरनं त्या वर्षी जगाचा एक नकाशा काढला. त्यात रेखांश मुद्दाम समांतर ठेवले. त्यामुळे आडवं अंतर जितकं ताणलं गेलं, तितकंच त्यानं उभं अंतरही ताणलं. या ताणानं खंडांचे आकार बिघडतात, ग्रीनलंड अवाढव्य दिसतं, आणि त्यासाठी मर्केटरला आजही नावं ठेवली जातात. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. त्यानं हा नकाशा भिंतीवर लावून देशांची क्षेत्रफळं तोलण्यासाठी केलाच नव्हता. तो नकाशा सुकाण धरणाऱ्यासाठी होता. या नकाशावर दोन बंदरांमध्ये सरळ रेघ ओढली, की त्या रेघेचा उत्तरेशी होणारा कोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो. होकायंत्रावर तो एक आकडा धरायचा आणि निघायचं. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजला, तर गेटवे ते मांडवा हा आकडा सुमारे १६० अंश, म्हणजे दक्षिणेपासून वीसेक अंश पूर्वेला.

या सोयीची एक किंमत आहे: त्याच नकाशावर वर सरकावं तसा मैल लांब होत जातो. मुंबईपासून कच्छच्या मांडवीपर्यंतचा किनारा एकाच मर्केटर नकाशावर असेल, तर मांडवीपाशी कागदावरचा मैल मुंबईपेक्षा अडीच टक्क्यांनी मोठा असतो. म्हणून कर्कटक बाजूच्या कडेवर टेकवायचं तेही आपण आहोत त्याच उंचीवर, समोरासमोर. मांडव्याचं अंतर मांडवीच्या पट्टीनं मोजायचं नाही.

अंतर असं मिळालं. आता आपण आहोत कुठे?

कुलाब्याच्या दक्षिण टोकापलीकडे, खडकांच्या रांगेवर, १८७५ मध्ये बांधलेलं प्राँग्स दीपगृह उभं आहे. त्याच्या दक्षिणेला साडेदहा मैलांवर खांदेरी बेट. ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडवली, तेच हे बेट. तिथलं दीपगृह १८६७ चं. होकायंत्रावरून प्राँग्सची दिशा बघितली, ती नकाशावर प्राँग्सपासून उलट ओढली, की एवढं नक्की होतं की आपण या रेघेवर कुठेतरी आहोत. खांदेरीची दुसरी रेघ पहिलीला छेदते आणि एक ठिपका मिळतो.

मी दोन रेघांवर समाधानी होतो. काकांनी तिसरी ओढायला लावली. दोन रेघा कुठेतरी छेदणारच, चुकलेल्या असल्या तरी छेदणार. आपण चुकलोय हे दोन रेघा सांगूच शकत नाहीत. तिसरी सांगते. ती जवळजवळ कधीच त्याच बिंदूतून जात नाही, एक छोटा त्रिकोण उरतो. तो त्रिकोण म्हणजे आपल्या मापनातली चूक, डोळ्यांना दिसेल अशी. होकायंत्र वाचताना एका अंशाची चूक झाली, तर एक मैलावर ती ३२ मीटर होते आणि दहा मैलांवर ३२० मीटरच्या पुढे जाते. म्हणून शक्यतो जवळच्या खुणा घ्याव्यात आणि रेघा एकमेकींना निमुळत्या कोनात न छेदता ठसठशीत कोनात छेदतील असं बघावं. त्रिकोण उरलाच, तर त्याच्या मध्यावर बोट ठेवून मोकळं व्हायचं नसतं. खडकाच्या किंवा उथळ पाण्याच्या सर्वांत जवळ जो कोपरा असेल, आपण तिथेच आहोत असं धरून जहाज हाकायचं. शास्त्रातली अनिश्चितता म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या पेन्सिलीच्या त्रिकोणानं जास्त चांगलं समजावलं.

याहून अचूक एक रीत आहे आणि तिला होकायंत्रही लागत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, म्हणजे जवळचं दीपगृह आणि त्यामागचं डोंगराचं टोक, एकामागे एक बरोबर जुळल्या, की आपण त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर असतो. यात अंशांची चूक शिरायला जागाच नाही. आपल्या किनाऱ्यावरचे तांडेल, म्हणजे मासेमारी होड्या हाकणारे, डोंगर, देवळाचा कळस आणि झाडं जुळवून समुद्रातली जागा पुन्हा शोधतात ती याच तत्त्वावर. ज्ञान तेच आहे, फक्त त्यांचा नकाशा कागदावर नसतो.

होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे बघत नाही, चुंबकीय उत्तरेकडे बघते. दोन्हींमधला कोन जागेनुसार बदलतो आणि वर्षागणिकही सरकतो. म्हणून चार्टवर छापलेल्या दिशाचक्रात तो कोन, त्याचं साल आणि वार्षिक बदल लिहिलेला असतो. मुंबईत सध्या तो जवळजवळ शून्य आहे. या मोजणीशी मुंबईचं जुनं नातं आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहानं नाजूक सुया विचलित झाल्या असत्या, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. ते आजही तिथे चालू आहे.

चार्टवर सर्वांत जास्त आकडे असतात ते मात्र खोलीचे. निळ्या-पांढऱ्या पाण्यावर मुंग्यांसारखे पसरलेले. आपले कोळी खोली वावांत सांगतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. इंग्रजी फॅदमही पसरलेल्या हातांवरूनच आला, सहा फुटांचा. आता चार्टवर मीटर असतात. पण मीटर कुठून मोजलेले? समुद्राची पातळी तर तासातासाला बदलते.

उत्तर असं, की चार्टवरची खोली सरासरी समुद्रपातळीपासून मोजत नाहीत. ती अशा खालच्या पातळीला शून्य धरून मोजतात, की ओहोटीलाही पाणी सहसा त्याखाली उतरत नाही. म्हणजे छापलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात पाणी बहुतेक वेळा जास्तच असतं, आणि चूक झाली तरी ती जहाजाच्या भल्याची होते. भारतीय बंदरांसाठी अशी पातळी काढण्याची रीत चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी इथल्या भरती-ओहोटीचा अभ्यास करताना घालून दिली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या समुद्रपातळीच्या नोंदी आहेत. त्यांच्यानुसार सरासरी समुद्र या शून्यापेक्षा सुमारे अडीच मीटर वर असतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत 'आज ४.८० मीटरची भरती' असं छापून येतं, तेव्हा ते ४.८० मीटर याच चार्टच्या शून्यापासूनचे असतात. सरासरी पातळीपेक्षा समुद्र त्या दिवशी सव्वादोन-अडीच मीटर वर येतो. हे ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी लोक पावणेपाच मीटरची लाट येणार असं समजून बसतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक सरासरी साडेतीन मीटरहून जास्त असतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरतीला, तो दीड मीटरच्याही आत येतो. इतकं पाणी आत-बाहेर करतं तेव्हा प्रवाह होतो. ताशी दोन मैलांच्या आडव्या प्रवाहात तासभर एकच दिशा धरून राहिलं, तर होडी दोन मैल बाजूला गेलेली असते, आणि होकायंत्र मात्र सारा वेळ बरोबरच आकडा दाखवत असतं.

जीपीएस आल्यावर हे सगळं संपलं का? उपग्रह आपल्याला अक्षांश-रेखांश देतो. त्या अक्षांश-रेखांशाखाली वाळू आहे की खडक, हे चार्टच सांगतो, मग तो कागदावर असो की पडद्यावर. आपल्याकडे ते काम समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून चालतं. पडद्यावरचा ठिपका कितीही बारीक दिसला, तरी त्याशेजारचा खोलीचा आकडा जितका जुना, तितकाच आपला भरवसा.

पावसाळा संपून गेटवेच्या लाँच सुरू झाल्या, की एकदा मांडव्याला जाताना बघा. धक्का सोडल्याची वेळ लिहून ठेवा. उजव्या हाताला, कुलाब्याच्या टोकापुढे, प्राँग्सचा मनोरा दिसेल. लाँच साधारण सरळ, तासाभराच्या वेगानं चालली असेल, तर वीस-बावीस मिनिटांनी तो नेमका पश्चिमेला येतो, तीनेक मैलांवर. फोनमधलं होकायंत्र लोखंडी कठड्यापासून लांब धरा. आकडा २७० झाला, की त्या क्षणी तुमचा आणि प्राँग्सचा अक्षांश एकच असतो. कागदावर तिथे आडवी रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. काका वेळ लिहिल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवू देत नाहीत.