शिळं पाणी म्हणजे तयार टाकी नव्हे

"पाणी एक दिवस शिळं करा आणि मासे सोडा." मासे विकणारे हे हमखास सांगतात. त्यात तथ्य एवढंच, की उघड्या बादलीतल्या नळाच्या पाण्यातला क्लोरीन दिवसभरात बराचसा उडून जातो. नव्या टाकीत मासे मरतात ते बहुतेकदा अमोनियामुळे.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच; दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे त्यामानाने सौम्य आणि वनस्पतींना खतासारखं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वसतात. त्यांचा जम बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच स्पंज नळाखाली खसाखसा धुणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी (अगदी शब्दशः!). टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळला की पुरे.

पाणवनस्पती अमोनिया थेट शोषतात, तेव्हा हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया सुरुवातीलाच दाट लावा. मग पाच-सहा गप्पी. गोल्डफिश नको, तो घाण फार करतो, रोपंही कुरतडतो. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत नवे मासे आणू नका, मुलं कितीही मागे लागली तरी.