केरळचा पफर, खानदेशचा उन्हाळा

पी पफर हा मासा पूर्ण वाढला तरी जेमतेम तीन सेंटिमीटरचा होतो. निसर्गात तो फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात सापडतो, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या नद्या-ओढ्यांत. सुंदरलाल होरा आणि नायर यांनी 1941 साली त्रावणकोरच्या पंपा नदीतल्या माशांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणून नावातही त्रावणकोर आलं: कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. फिश टँकच्या हौशी मंडळींमुळे आता तो जळगाव-धुळ्याच्या घरांतही दिसू लागला आहे. पफर पाळण्याविषयीचं बरंचसं लिखाण थंड देशांतल्या लोकांचं असतं आणि त्यात हीटर कोणता घ्यावा यावर पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. मे महिन्यात 45 अंशांत घामाघूम झालेल्या भुसावळकराने ते वाचून करायचं काय?

आधी मासा कोणता घ्यायचा ते बघू. दुकानात 'पफर' म्हणून निदान दोन वेगळे मासे गळ्यात मारले जातात. एक हा पी पफर, आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणारा. दुसरा हिरव्या पाठीवर काळे ठिपके असलेला, दिसायला जास्त देखणा. पिल्लू असताना तोही दोन-तीन सेंटिमीटरचाच असतो, पण पुढे वीतभर वाढतो आणि मोठेपणी त्याला मचूळ, खारट पाणी लागतं. गोड्या पाण्यात तो काही महिने तग धरतो, मग खंगत जातो आणि घेणाऱ्याला वाटतं आपला हातगुण वाईट. या ठिपकेवाल्याचा जनुकसंच 2004 साली वाचून झाला. तो माणसाच्या साधारण एक अष्टमांश आहे. कणाधारी प्राण्यांत इतका आटोपशीर जनुकसंच क्वचितच आढळतो, त्यामुळे प्रयोगशाळांना हा मासा फार प्रिय. आपल्या दिवाणखान्यासाठी मात्र नको.

पी पफर पाहत बसण्यासारखा मासा आहे. त्याचे दोन्ही डोळे एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. एक डोळा काचेबाहेरच्या माणसावर, दुसरा झाडाच्या पानावर. घरातली आजी एखाद्या वेळी विचारतेच, "हाऊ मनाकडे काय दखी ऱ्हायना?" पानावर गोगलगाय दिसली की तो हवेत तरंगल्यासारखा जागच्या जागी थांबतो, शेपूट किंचित वळवतो, दोन्ही डोळे एकदम पुढे आणतो आणि शंखातून बाहेर आलेल्या मऊ भागाला झटकन चावतो. गोगलगाय आत गेली तर वाट बघतो. छोटी असेल तर शंखच फोडतो.

हे जमतं ते दातांमुळे. पफरचे वर दोन आणि खाली दोन असे चार दात एकजीव होऊन चोच बनलेली असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. कठीण खाणं मिळालं नाही तर ती झिजत नाही. वाढून वाढून तोंड नीट मिटेनासं होतं आणि समोर खाणं असूनही मासा उपाशी राहतो. मोठ्या जातीच्या पफरना हा त्रास जास्त. त्यांचे दात कापावे लागतात, तेही भूल देऊन. पी पफरवर सहसा ती वेळ येत नाही, तरी त्याला गोगलगायी हव्यातच. दुकानातलं दाण्यांचं खाद्य तो बहुतेकदा तोंडातही धरत नाही.

म्हणून पफर आणण्याआधी महिनाभर एका बरणीत पाण्यातल्या छोट्या गोगलगायींची पैदास सुरू करावी. उकडलेल्या काकडीच्या चकतीवर त्या भराभर वाढतात. शेताच्या कडेच्या चारीतून मात्र त्या उचलून आणू नयेत. खानदेशात पावसाळाभर कपाशीवर फवारणी चालू असते आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं अगदी थोड्या प्रमाणातही माशांचा जीव घेतात. शिवाय बाहेरच्या गोगलगायींबरोबर परजीवी येतात ते वेगळेच. डासांच्या अळ्या पफर आवडीने खातो, पण आरोग्य खात्याने ॲबेट हे अळ्या मारायचं औषध टाकलेल्या टाकीतल्या नकोत. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) मिळाले तर आठवड्याचा प्रश्न मिटतो.

पफर फुगतो कसा, हे मुलं हमखास विचारतात. तो पाणी गिळतो, जठराची झडप बंद करतो आणि घड्या पडलेलं जठर त्या पाण्याने ताणलं जातं. फासळ्या नसल्यामुळे पोटाला अडवणारं काही नसतं. हा सगळा खटाटोप शत्रूच्या घशात न मावण्यासाठी. फुगलेला मासा श्वास रोखून धरतो असा समज फार जुना होता. 2014 साली समुद्री पफरवर झालेल्या प्रयोगात उलट दिसलं: फुगलेल्या अवस्थेत मासा ऑक्सिजन जास्तच घेतो आणि मूळपदावर यायला त्याला काही तास लागतात. पाहुण्यांना गंमत दाखवायला जाळी लावून त्याला फुगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाण्याबाहेर काढल्यावर तो हवा गिळून फुगला तर ती हवा बाहेर टाकणं त्याला कठीण जातं आणि त्यात तो मरूही शकतो.

ऑक्सिजन निघालाच आहे तर उन्हाळ्याकडे वळू. 25 अंशांच्या पाण्यात लीटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 35 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7. उलट शरीराची ऑक्सिजनची गरज दहा अंशांनी ढोबळमानाने दुपटीवर जाते. म्हणजे पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, तेही दुपारी लाईट जाऊन एअर पंप बंद पडण्याच्या मोसमात. पी पफरला 22 ते 28 अंश मानवतात. भुसावळच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतलं पाणी एप्रिलमध्येच 33-34 वर जातं.

यावर उपाय आपल्या हवेतच आहे. घराघरात कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच तत्त्व टाकीला लावायचं. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. दोन फूट बाय एक बाय एक टाकीत साधारण 50 लीटर पाणी धरलं, तर त्यातलं फक्त 100 मिलिलीटर उडालं की बाकीचं पाणी एका अंशाने थंड होण्याइतकी उष्णता बाहेर पडते. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी बसवायची, पृष्ठभागावर तिरपा वारा लागेल असा छोटा पंखा ठेवायचा, खिडकी उघडी. दोन ते चार अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा फारसं काही करत नाही. खानदेशच्या कोरड्या झळांत तो चोख काम करतो. आपल्या उन्हाळ्याचं कौतुक करण्याची संधी वारंवार येत नाही, म्हणून इथे करून घेतो. बर्फाची बाटली टाकायचा मोह टाळावा. पाणी एकदम थंड होतं आणि तासाभरात पुन्हा तापतं, हा हेलकावा नुसत्या गरम पाण्यापेक्षाही वाईट.

पंख्याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात दिवसाला लीटरभर पाणी उडून जातं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. आपल्याकडे काळ्या बेसॉल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, बादलीला पांढरा थर धरणारं. समजा लीटरमागे 600 मिलिग्रॅम क्षार आहेत आणि रोजची घट बोअरच्याच पाण्याने भरली, तर महिनाभरात 50 लीटरच्या टाकीत 18 ग्रॅम क्षार वाढतात आणि 600 चे 960 होतात. मासा जड पाणी सोसतो, पण सतत वाढत जाणारा जडपणा त्याला त्रास देतो. म्हणून घट भरायची ती आरओच्या पाण्याने. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं ते मात्र साठवलेल्या साध्या पाण्याने किंवा दोन्हीच्या मिश्रणाने. निव्वळ आरओ वापरू नये, माशाला थोडे क्षार लागतातच. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येत असल्याने आपल्याकडे ड्रम भरलेले असतातच. उघड्या ड्रममध्ये एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला टीसीएल पावडरचा क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो. पाणीटंचाईचा एवढा तरी फायदा.

जड पाण्याचा आणखी एक छुपा धोका आहे. असं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. सामू (पीएच) 7 असेल तर 25 अंशांना त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, सामू 8 झाला की सुमारे 5 टक्के. पाणी तापलं की आणखी वाढ. पफर तर खाण्यात अर्धवट लचके तोडून टाकणारा मासा, त्यामुळे तळाशी घाण साचते. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंज फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकी माशाविना चालू ठेवावी. गोगलगायी असतातच सोबतीला.

हिवाळ्याचं थोडक्यात: धुळ्यात कडाक्याच्या थंडीत पारा सहा अंशांखालीही जातो, तेव्हा डिसेंबर-जानेवारीपुरता हीटर लागतो. आणि विष? पफरच्या अनेक जातींच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, गोड्या पाण्यातल्या काही जातींत सॅक्सिटॉक्सिन. ते बाधतं मासा खाल्ला तर, आणि शिजवूनही जात नाही. टाकीत हात घातल्याने काही होत नाही. मांजर असेल तर जाळी घट्ट हवी.

दोन फुटी टाकीत पाच-सहा पी पफर पुरेत, त्यांत नर कमी असावेत. नराच्या पोटावर गडद रेघ असते आणि दोन नर एकमेकांचे पंख कुरतडतात. लांब पंखांचे गप्पी किंवा फायटर सोबत ठेवूच नयेत. ही जात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे आणि बाजारासाठी निसर्गातून होणारी पकड हे त्याचं एक कारण आहे. पी पफरची पैदास टाकीत होते, तेव्हा दुकानदाराला पैदाशीचे मासे आहेत का हे विचारावं. हौस फिटली तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. जळगावच्या मेहरूण तलावात किंवा गिरणा नदीत सोडू नयेत.