खाणीचा पैसा, पण जाब कोणाला विचारायचा?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे खनिज फंडातून अमुक सभागृह बांधलं, तमुक रस्ता केला असं ऐकलं की लोक आधी सरपंचाला धरतात, पण त्या तिजोरीची चावी सरपंचाकडे कधी नव्हतीच. रॉयल्टी (खनिज काढण्याबद्दल खाणवाल्याने सरकारला द्यायची रक्कम) पहिल्यापासून राज्याच्या तिजोरीत जायची, गावाच्या वाट्याला धूळ आणि ट्रक.

1997 च्या समता निकालात (आंध्र प्रदेशातली केस) सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खाणीच्या नफ्यातला निदान 20 टक्के भाग स्थानिक विकासासाठी वेगळा काढा. मग 2011 चं खाण विधेयक आलं, त्यात कोळसा कंपन्यांनी नफ्याचे 26 टक्के द्यायचे होते, ते मंजूर न होताच 2014 ला लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झालं. 2015 ला खाण कायदा बदलला आणि नफ्याचा विषयच संपला, आता रॉयल्टीवर वरून रक्कम द्यायची, जुन्या लीजला रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या नव्या लीजला 10. हे पैसे जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे वर म्हटलेल्या खनिज फंडात, जमा होतात.

खरी गोम इथेच आहे. पैसा जिल्ह्यात राहिला पण गावात आला नाही. आपल्याकडे या प्रतिष्ठानचे अध्यक्ष पालकमंत्री होते, 2021 ला केंद्राने अध्यक्षपदी कलेक्टरच हवा असं सांगितलं, म्हणजे मंत्री जाऊन साहेब आले, आणि दोघांनाही खाणीशेजारचं गाव मत देऊन घरी बसवू शकत नाही. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात या फंडातल्या कामाला ग्रामसभेची मंजुरी लागते असं नियमात आहे खरं, पण मंजुरी देणं वेगळं आणि पैसा हातात असणं वेगळं.

याच गडचिरोलीत मेंढा-लेखा बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. 2009 ला वनहक्क कायद्याखाली साधारण 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना सोडत नव्हतं, शेवटी एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा तो ग्रामसभेला मिळाला. आता बांबू विकायचा ग्रामसभेने, पैसा ग्रामसभेच्याच खात्यात, त्यामुळे हिशोब मागायला कलेक्टर ऑफिसला खेटे घालावे लागत नाहीत, माणूस समोरच बसलेला असतो. फरक रकमेचा नाहीये, रक्कम तर खाणीचीच कितीतरी मोठी.

जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 जणांच्या घटनापीठाने रॉयल्टी म्हणजे टॅक्स नाही, खनिजाच्या जमिनीवर राज्यं वेगळा टॅक्स लावू शकतात असा निकाल दिलाय. तो पैसाही आधी राज्याकडेच जाणार.