चौसष्ट आणि चौतीस

धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता. १९९९ साली तिथल्या ४९७ गावांत एक मोठं संशोधन सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते मिळून हाती घेतलं होतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी एकदाच केली, तरी मरणं टळतात का, हे त्यांना पाहायचं होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका त्यात होत्या. चिठ्ठ्या काढाव्यात तशी गावं चार गटांत वाटली. पहिल्या गटाला हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्याला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केलेली नुसत्या डोळ्यांची तपासणी. चौथ्या गटासाठी नेहमीचीच व्यवस्था.

आठ वर्षांनी हिशेब झाला. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या होत्या. एचपीव्ही गटात ३४,१२६ पैकी ३४.

एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मरणं जवळपास निम्म्याने घटतात, हा सगळ्या जगाने दखल घेतलेला निष्कर्ष जेमतेम तीस मरणांच्या फरकावर उभा आहे. या आठ वर्षांत काही डझन बायकांचा थांगपत्ता लागला नसता, तर निकाल डळमळला असता. अशा क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषध किंवा चाचणी माणसांवर पारखून पाहण्याच्या संशोधनात, माणसं मिळवणं आणि मिळालेली माणसं शेवटपर्यंत टिकवणं याला आपल्याकडे अजूनही कारकुनी काम समजतात. मला हे अजिबात पटत नाही. औषध किंवा चाचणी कितीही उत्तम असो, तिचा गुण सिद्ध होतो तो टिकून राहिलेल्या माणसांमुळेच.

गळती आंधळी नसते, हे आधी समजून घ्यायला हवं. उस्मानाबादेत बोलावलेल्या दर शंभर बायकांमागे सुमारे ७९ जणी तपासणीला आल्या. खेड्यातल्या बाईने परक्या माणसांसमोर अंगावरची तपासणी करून घ्यायला यावं, हे लक्षात घेतलं तर हा आकडा फार मोठा आहे. पण आलेल्यांमध्ये तरुण, शिकलेल्या आणि नवरा हयात असलेल्या बायका जास्त होत्या. म्हणजे मागे राहिल्या त्या जास्त करून वयस्क, कमी शिकलेल्या, एकट्या. फक्त आलेल्यांचाच हिशेब मांडला असता, तर चाचणीचा गुण कुठे संपतो आणि त्या बायकांच्या परिस्थितीचा कुठे सुरू होतो, हे कळलंच नसतं. म्हणून एचपीव्ही गटात चाचणीला न आलेल्या जवळपास सात हजार जणीही हिशेबात धरल्या. त्या ३४ मरणांत त्यांच्यातलीही मरणं मोजलेली आहेत.

आता एका बाईच्या बाजूने बघू. आम्ल लावलं की मिनिटभराने डाग पांढरा दिसतो की नाही, ते तिथेच कळतं. एचपीव्ही किंवा स्मिअरचा नमुना मात्र प्रयोगशाळेत जातो, आणि काही निघालंच तर तिला पुन्हा बोलवावं लागतं. या दुसऱ्या खेपेला काय लागतं? एसटीचं भाडं, एका दिवसाचा खाडा, लेकरांना सांभाळायला कुणीतरी आणि घरात सांगायला कारण. सुगीचे दिवस असले तर तोच खाडा दुप्पट महाग पडतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांना घेऊन असंच संशोधन केलं. तिथे बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के जणी तपासणीला आल्या. पण काही आढळलेल्यांपैकी पुढच्या निदानापर्यंत पोचल्या ७९ टक्केच. म्हणून भाडं आणि बुडालेली मजुरी देणं हे आमिष नाही, बाईने खर्च केलेला दिवस तिला परत करणं आहे.

लोक कशाने येतात, यावरही आता रीतसर प्रयोग होतात. असे अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात खात्रीने टिकलेले उपाय दोनच निघाले. प्रतिसाद न देणाऱ्यांना फोन करून आठवण दिली तर नोंदणी वाढते. आपल्याला कोणतं औषध मिळणार हे माहीत असेल तर लोक सहज तयार होतात, पण ती मुभा दर वेळी देता येत नाही, कारण त्याने निकालच बिघडू शकतो. आणि खपून, वाचकांना दाखवून सोपं केलेलं माहितीपत्रक? त्याने नोंदणीत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. तरी ते सोपंच लिहिलं पाहिजे. सही करणाऱ्याला कळावं म्हणून, आकडा वाढावा म्हणून नव्हे.

बार्शीला एक गोष्ट जमेची होती. तिथे १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू होती, देशातली पहिली. तिचे कार्यकर्ते गावात जात, लोकांना आजाराची लक्षणं सांगत, कोण आजारी आहे याची विचारपूस करत. ट्रायलच्या आधी दहा-बारा वर्षं ही ये-जा होती. असा विश्वास ऐन वेळी जाहिरात देऊन मिळत नाही.

आणि त्याच विश्वासापोटी चौथ्या गटाबद्दल बोललंच पाहिजे. त्या बायकांना माहिती दिली, तपासणी कुठे होते तेही सांगितलं, पण तपासणी केली नाही. त्यावर पुढे कडक टीका झाली: जी तपासणी उपयोगी असल्याचं जगाला माहीत होतं, ती न देता मरणं मोजत राहणं योग्य होतं का? खेड्यातल्या बाईला तशीही तपासणी मिळत नव्हती, हे संशोधकांचं उत्तर खरं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या ६४ मरणांमुळे चाचणीचा गुण जगाला कळला, ती मरणं याच गावांतल्या घरांत झाली होती. पुढच्या ट्रायलचा कार्यकर्ता सहीसाठी त्याच दारात उभा राहील, तेव्हा आतली सून हे विचारू शकते.