कॅमेरा चालू, चित्र मात्र दिसत नाही

घरच्या वाय-फायवर देखरेखीच्या कॅमेऱ्याचं चित्र स्वच्छ दिसतं, पण बाहेर पडून मोबाइल डेटावर आलं की ॲप सांगतं, ‘डिव्हाइस ऑफलाइन’. मग कॅमेराच बिघडला असं समजून लोक तो बदलायला निघतात. खरं तर एवढ्या लक्षणावरूनच बरंचसं निदान होतं. लेन्स ठीक आहे, कॅमेरा आणि राउटर यांची जोडणीही ठीक आहे. घोटाळा बहुधा राउटरच्या पलीकडे आहे. म्हणून रिसेटचं बटण दाबण्याआधी फोन एकदा घरच्या वाय-फायवर आणि एकदा वाय-फाय बंद करून पाहावा.

दोन्हीकडे चित्र येत नसेल, तर दोष राउटरच्या अलीकडे, घरातच शोधायचा. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांना फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा वाय-फाय कळतो. आजचे राउटर 5 गिगाहर्ट्झवरही प्रसारण करतात आणि दोन्हींना एकच नाव देतात. फोन 5 वर बसलेला असला की पहिल्या जोडणीतच काही ॲप अडकतात. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्यावीत आणि जोडणी होईपर्यंत फोनही 2.4 वर ठेवावा. राउटरवर वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए-3 हा नवा असेल, तरीही जुना कॅमेरा आत येऊ शकत नाही. अशा वेळी डब्ल्यूपीए-2 चालू देणारा मिश्र पर्याय निवडावा.

2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण 12.5 सेंटिमीटर लांबीची असते आणि विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. सळ्यांच्या दाट जाळीचा स्लॅब किंवा भरलेली पाण्याची टाकी वाटेत आली, की मात्र ती क्षीण होते. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी असते. या बँडमधले चॅनेल 5 मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रसारण किमान 20 मेगाहर्ट्झ जागा व्यापतं. म्हणून 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतला सर्वांत मोकळा निवडावा.

दिवसभर नीट चालणारा कॅमेरा रात्री वारंवार बंद पडत असेल, तर आधी ॲडॉप्टर आणि वायर तपासा. अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी लागतात आणि वीज जास्त खेचली जाते. वायर लांब आणि बारीक असेल तर 5 व्होल्टमधले पुरेसे व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाहीत आणि तो पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो.

आता राउटरच्या पलीकडचा प्रश्न. इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा अंकी पत्ता (आयपीव्ही-4) 32 बिटांचा असतो, म्हणजे सगळे मिळून सुमारे 429 कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून संपला. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या सोसायटीचा पत्ता एकच असावा आणि फ्लॅट नंबर फक्त वॉचमनला माहीत असावा, तसं हे आहे. आतून कोणीही बाहेर जाऊ शकतो, बाहेरून आलेला मात्र गेटवरच थांबतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हे पत्ते 2012 मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरमध्ये कॅमेऱ्यापर्यंत दार (पोर्ट) उघडण्याची, कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, कारण अडवणारं दार तुमच्या राउटरचं नाहीच.

ॲपवर चालणारे आजचे कॅमेरे म्हणूनच स्वतः आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतात आणि ती जोडणी टिकवून ठेवतात. गावाकडे आईवडील आणि अमेरिकेत मुलगी असली, तरी तिच्या फोनला कॅमेरा सापडतो तो याच मार्गाने. अशा कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडावं लागत नाही. तरीही ऑफलाइन दिसत असेल, तर कॅमेऱ्याची तारीख आणि वेळ पाहा. घड्याळ खूप चुकलेलं असलं की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते.

‘डीएमझेड चालू करा, सगळं सुरळीत होईल’ हा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका. राउटरमधल्या या सेटिंगने कॅमेऱ्याची सगळी दारं इंटरनेटला उघडी होतात. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) अशीच उघडी उपकरणं शोधली आणि कारखान्यातून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) आणि राउटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्याच उपकरणांनी एकदम केलेल्या संदेशांच्या भडिमारामुळे अमेरिकेत अनेकांना ट्विटर आणि नेटफ्लिक्स काही तास उघडता येईना. मिराई फक्त उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहत असे, त्यामुळे रीस्टार्ट केलं की तो पुसला जाई. पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा शिरे. म्हणून अशा संशयित कॅमेऱ्याची इंटरनेट जोडणी आधी तोडायची, मग तो रीस्टार्ट करून पासवर्ड बदलायचा आणि त्यानंतरच तो पुन्हा इंटरनेटला जोडायचा.