तीन महिन्यांची जुनी उधारी

मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा कराडला एमडी-एमएस करणाऱ्या रेसिडेंटच्या तोंडी 'डीआरपी' हा शब्द आता चांगला रुळला आहे. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने कॉलेज सोडून जिल्ह्याच्या सरकारी आरोग्ययंत्रणेत काम करायचे. नियम 2020 चा, लागू झाला 2021 च्या प्रवेशांपासून. हे तीन महिने नीट पार पडल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. कुणाला ही वॉर्डाच्या रगाड्यातून सुटका वाटते, तर सर्जरीचा रेसिडेंट ऑपरेशन थिएटरमधले तीन महिने बुडाले म्हणून हळहळतो.

हा तीन महिन्यांचा आकडा मात्र जुना आहे. सर जोसेफ भोर यांच्या सरकारी आरोग्य समितीने 1946 च्या अहवालात वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, त्यातून 'सामाजिक डॉक्टर' घडावा, असे सुचवले होते. ते एमबीबीएसपुरते होते. रेसिडेंटपर्यंत तीच कल्पना पोचायला पुढे सत्तरहून अधिक वर्षे गेली.

आणखी मागे गेले तर चित्र उलटे होते, कारण तेव्हा आपला हा मुलूखच दुसऱ्याचे 'फील्ड' होता. लिव्हरपूलला 1898 मध्ये आणि लंडनला 1899 मध्ये उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळा निघाल्या. साम्राज्यात नोकरीला जाणाऱ्या डॉक्टरांना मलेरिया वगैरे आजार ओळखता यावेत, हा त्यांचा उघड हेतू होता. आज ज्याला 'ग्लोबल हेल्थ' म्हणतात त्याचे एक मूळ तिथे आहे, आणि ते काही फार निर्मळ नाही.

मिरजेची गोष्ट मात्र थोडी वेगळ्या वळणाची. कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय मिशन उभे केले. रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे पार कर्नाटकातून पेशंट येत. धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो कुणी लपवलाही नव्हता. तरी इथे एक गोष्ट अशी घडली जी लिव्हरपूल-लंडनच्या चौकटीत बसत नाही: 1897 मध्ये त्यांनी मिरजेतच वैद्यकीय शाळा काढली. बाहेरून आलेल्याने इथल्या माणसांना शिकवायला घेतले. कुष्ठरोग आणि क्षयरोगाचे कामही पुढे याच परिसरात वाढले. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वॉनलेसवाडीचे नाव रोज घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, देव जाणे. सरकारी मेडिकल कॉलेज 1962 मध्ये आले.

स्वातंत्र्यानंतर डॉक्टरला गावाकडे वळवायचे प्रयत्न बरेच झाले. श्रीवास्तव समितीने 1975 मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची शिफारस केली आणि 1977 मध्ये 'रोम' योजना निघाली. नाव परदेशातले वाटते, पण ते 'री-ओरिएंटेशन ऑफ मेडिकल एज्युकेशन' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे. प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे दत्तक घ्यायची होती. व्यवहारात हे काम बहुतेक ठिकाणी पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागाच्या गळ्यात पडले. मेडिसिन-सर्जरीचे बडे प्राध्यापक क्वचितच त्या वाटेला गेले. डीआरपीत सगळ्याच विषयांच्या रेसिडेंटना ओढले आहे ते बहुधा हाच अनुभव गाठीशी असल्यामुळे. पॅथॉलॉजीवाल्याने लॅब सांभाळावी, ऑर्थोवाल्याने अपघाताचे पेशंट पाहावेत, अशी अपेक्षा.

'रोम'नंतरच्या काळात श्रीमंत देशांतल्या रेसिडेंटची आफ्रिका-आशियात महिना-दोन महिने जाऊन येण्याची रीत फोफावली. त्यातून यजमान हॉस्पिटलवरच भार पडतो, शिकाऊ डॉक्टर आपल्या कुवतीबाहेरची कामे करतो, अशा तक्रारी वाढल्या. अखेर 2010 मध्ये अशा प्रशिक्षणासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. लाभ दोन्ही बाजूंना व्हावा, यजमानाचा खर्च आणि वेळ हिशेबात धरावा, असे त्यांत म्हटले आहे. ही कसोटी फक्त परदेशवारीला लावायची, असे मला वाटत नाही. डीआरपीचा रेसिडेंट जातो त्या रुग्णालयात आधीच माणसे कमी. तिथल्या मेडिकल ऑफिसरने आलेल्याला शिकवायचे, की आयता जादा हात मिळाला म्हणून कॅज्युअल्टीच्या ड्युट्या लावायच्या? दोन्ही होते, आणि दुसरे सोपे असते.

आणि परकेपण तरी किती दूरचे? सरकारी कॉलेजातल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थानातून किंवा तमिळनाडूतून मिरजेला आलेल्या रेसिडेंटला जावळीच्या डोंगरातली म्हातारी जितकी अनोळखी, तितकाच तो तिला. वॉर्डात निदान मावशी किंवा सिस्टर दुभाषी होतात. पण मराठी रेसिडेंटनेही फार निश्चिंत राहू नये: जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरोघरी कन्नड चालते, आणि 'कधीपासून दुखतंय?' या साध्या प्रश्नासाठी त्यालाही आशाताईंच्या तोंडाकडे बघावे लागते.